मामूंची सायकल आणि रंकाळ्याकाठचे धोंडे

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मुरगूडच्या नालबंदमामूंचं नाव सांगतो. त्यांचं खरं नाव वेगळं असणार, पण गावात ते कुणी घेत नसे, आणि मीही इथं घेत नाही. बाजाराच्या वाटेवर चिंचेखाली त्यांची भट्टी होती. बैलांना पत्र्या आणि घोड्यांना नाल मारणं हा त्यांच्या घराण्याचा धंदा. आमच्या घराण्याचा धंदा शेती, आणि माझ्याआधी आमच्यात कुणी चौथीपुढं गेलेलं नव्हतं. मी बी.ए. झालो, त्याचं मूळ त्या चिंचेखाली आहे.

बैलाला पत्री मारायची म्हणजे त्याचे पाय बांधून त्याला आडवा पाडावा लागतो. एकदा आडवा पडला की बैल आणि बैलाचा मालक दोघंही नालबंदाच्या ताब्यात असतात. माझी चौथी झाली त्या उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, थोरला बैल घेऊन मामूंकडे गेले. कासरा धरायला मी होतो. मामूंनी तीन पायांच्या पत्र्या मारल्या, हातोडा खाली ठेवला आणि तंबाखू मळायला घेतली. आबा म्हणाले, चौथा पाय राहिला की.

"राहू दे," मामू म्हणाले. "पोराला इंग्रजी शाळंत घालतो म्हण, मग मारतो."

आबांनी आधी ते हसण्यावारी नेलं. मग शेतात हाताखाली माणूस नाही, शाळा लांब आहे, शिकून पोरगं घरात बसत नाही, असं एकेक सांगून पाहिलं. मामू सगळं शांतपणे ऐकत होते.

"बैल निवांत हाय गड्या. घाई तुलाच हाय."

भोवती आणखी चार जण आपापले बैल घेऊन वाट पाहत उभे होते. घाई त्यांनाही होती, त्यामुळं थोड्याच वेळात ते सगळे माझ्या शिक्षणाच्या बाजूनं बोलू लागले. शेवटी आबांनी हो म्हटलं आणि चौथ्या पायाची पत्री बसली. घरी जाताना आबांनी मला एवढंच बजावलं, की ज्या वर्षी पुढच्या वर्गात जाणार नाहीस त्या वर्षी हा कासरा परत तुझ्या हातात. ते रागानं म्हणाले नव्हते. सरळ व्यवहार सांगितला होता, आणि मी तो कॉलेजात जाईपर्यंत विसरलो नाही.

मॅट्रिक झालो तेव्हा मामूंनी मला बोलावून घेतलं. भट्टीमागं पोत्याखाली एक सायकल होती. दौऱ्यावर आलेल्या कुणा साहेबाची ती ओढ्यात मोडली होती. साहेब घोड्यावर बसून पुढं गेले आणि हे लोखंड ठेवून घे म्हणाले. मामूंनी ते ठोकून सरळ केलं होतं, फाटलेल्या टायरला आतून चामडं लावलं होतं, आणि आता ते मला द्यायचं ठरवलं होतं. मामू स्वतः कधी सायकलवर बसले नव्हते. पण त्यांच्या मते त्यात शिकण्यासारखं वेगळं काही नव्हतं. ज्यावर बसून जायचं ते घोडं, मग त्याला पाय किती का असेनात.

त्याप्रमाणं त्यांनी सायकल तपासलीही घोड्यासारखीच. पुढून, मागून, खाली वाकून. मागच्या चाकाच्या आसाला डाव्या बाजूनं एक बोटभर खुंटी बाहेर आलेली होती. मामूंनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "ही काट्यागत वर आलीया. कुणाची पोटरी फाडंल." त्यांनी कानस घेतली आणि ती खुंटी मुळापासून अशी घासून काढली, की तिथं कधी काही होतं असं कुणाला वाटू नये. जागा आरशासारखी चकचकीत झाली.

मग ओढ्याकाठच्या मैदानात माझं शिक्षण सुरू झालं. चढायचं ते डाव्या अंगानं आणि धोंड्यावरून. धोंडा नसेल तर सापडेपर्यंत हातात धरून चालायचं. कुणाच्या पाठीमागून एकदम जायचं नाही, आधी आवाज द्यायचा. मुक्कामाला पोचल्यावर लगेच पाणी दाखवायचं नाही, जरा फिरवून गार करायचं आणि मग सावलीत बांधायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं त्यांनी निघताना माझा खांदा धरून सांगितलं.

"मोठ्या माणसासमोरनं बसून जायाचं न्हाय. खाली उतरायचं, राम राम करायचा, मग फुडं. सरकारचं घोडं असलं तरी ह्योच कायदा."

मी सगळं मान्य केलं. मला तेव्हा कल्पना नव्हती, की कोल्हापुरात मोठी माणसं किती आहेत आणि धोंडे किती कमी.

महाराजांची कारकीर्द होती. शहरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं निघाली होती आणि माझ्यासारखी खेड्यातली मुलं कॉलेजात दिसू लागली होती. मला बोर्डिंगात जागा मिळायला एक वर्ष लागणार होतं. तोवर मी रंकाळ्याच्या पलीकडं, मळ्यात, एका लांबच्या मावशीकडं राहत होतो. तिथून कॉलेज तीनेक मैल. वाट तळ्याच्या काठानं जाई, वेशीपाशी शहरात शिरे.

सकाळी ती वाट सगळ्यांची असे. तालमीतून सुटलेले पैलवान अंगाला माती तशीच ठेवून तळ्याकडं येत. ते बाजूला होत नसत. आपणच त्यांच्या कडेनं जायचं, हे न सांगता कळे. धुण्याची गाढवं असत. घागरी घेऊन बाया ओळीनं जात, आणि त्यांच्या मागं घंटा वाजवली तर साऱ्या जणी एकदम वळत आणि वाट पुरती बंद होई, म्हणून मी लांबूनच खाकरायला शिकलो. दरबारचा हत्ती आंघोळीला येई त्या दिवशी मी सायकलसकट शेतात उभा राही.

सर्वांत अवघड म्हशी. एक गवळी रोज त्याच वेळी सहा म्हशी घेऊन वेशीजवळच्या कट्ट्याकडं निघे. तिथं गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध द्यायची पद्धत. पहिल्या दिवशी मी त्याच्या म्हशींमागं पाव मैल घंटा वाजवत गेलो. त्यांनी कानही हलवला नाही. शेवटी गवळ्यानं मागं वळून पाहिलं.

"पावणं, म्हशीला घंटा काय कळती? ती कवा देवळात गेलती?"

मग काय करू, असं मी विचारलं. तो म्हणाला, नावानं हाक मारा, जरा मानानं वागवा. त्यानं मला सहाही म्हशींची नावं सांगितली. पुढं वर्षभर मी कॉलेजला जाताना कविता पाठ करावी तशी ती नावं घेत जाई, आणि म्हशी खरोखरच डावीकडं सरकत.

पण माझा वेळ जाई तो म्हशींत नव्हे, माणसांत. मामूंच्या कायद्याप्रमाणं डोक्यावर पागोटं आणि मिशीत पांढरा केस दिसला की मी उतरत असे. उतरणं सोपं होतं. चढणं हाच घोटाळा. बाकीचे सायकलवाले कसे चढतात ते मी पाहिलं होतं. मागून एक पाय कशावर तरी ठेवायचे, उडी घ्यायचे आणि बसायचे. मी तसं करायला गेलो की माझा पाय हवेत आणि मी धुळीत. माझे पाय आखूड आणि सायकल उंच, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती. त्यामुळं उतरलो की पुढचा धोंडा येईपर्यंत चालायचं. त्या वाटेवर चढण्याजोग्या जागा चारच: मळ्याजवळचा मैलाचा दगड, घाटाची पायरी, देवळाचा कट्टा आणि वेशीचं जोतं. मधल्या पट्ट्यात एखादे आजोबा भेटले की गेलाच दिवस.

तिथं रोज भेटत ते एक पेन्शनर फौजदार. छत्री बगलेत धरून ते घाटाच्या पायरीपासून शंभर पावलांवर बरोबर समोर येत. मी उतरून राम राम करी. पायरी मागं राहिलेली, कट्टा पुढं लांब. मी सायकल घेऊन चालू लागे. फौजदार तेवढ्यात मागं वळून माझ्यासोबत निघत आणि पीकपाणी विचारत. माझं चालणं हे चढता न येण्यापायी आहे, हे त्यांना कसं कळणार? त्यांना वाटे, मुलाला आपला लळा लागला आहे. एकदा ते दुसऱ्या एका म्हाताऱ्याला सांगत होते, की हल्लीची पोरं घंटा वाजवून माणसाला गटारात घालतात, पण हे एक पोरगं बघा, रोज मला कट्ट्यापर्यंत पोचवायला येतं. हे ऐकल्यावर मला त्यांच्यासाठी न उतरणं शक्यच राहिलं नाही.

पहिला तास गणिताचा होता. प्रोफेसर आत येताच हजेरी घेत आणि वही बंद करत. वही बंद झाल्यावर आलेला मुलगा तासाला बसला तरी हजेरीत नसे. आणि हजेरी कमी पडली तर टर्म मिळत नसे. टर्म नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही, परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे कासरा. दिवाळीनंतर एका सकाळी प्रोफेसरांनी मला उभं केलं. तुमची आणखी एक गैरहजेरी झाली तर मी प्रिन्सिपॉलसाहेबांना काही सांगू शकणार नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी उशिराचं कारण विचारलं. मी खोटं बोलू शकत नव्हतो.

"सर, उतरावं लागतं."

"कशावरून?"

"सायकलवरून."

"का?"

"माणसं भेटतात."

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. "मग सायकल घेतली कशासाठी?"

"लवकर पोचायला, सर."

वर्ग बराच वेळ हसत होता. प्रोफेसर हसले नाहीत. त्यांची स्वतःची सायकल बाहेर ओसरीत उभी असे, आणि त्यांना हे कोडं गणितासारखंच वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी मैलाच्या दगडावरून चढलो तो मनाशी ठरवूनच. आज कॉलेजच्या फाटकापर्यंत उतरायचं नाही. महिनाभर कुणासाठीच नाही. टर्म पदरात पडली की सगळ्यांची माफी मागू. घागरीवाल्या बाया आल्या, मी खाकरत कडेनं गेलो. म्हशी आल्या, मी सहाच्या सहा नावं एका दमात घेतली. गवळी काहीतरी म्हणाला, ते मागं पडलं. घाटाची पायरी गेली, आणि शंभर पावलांवर फौजदार दिसले. त्यांनी सवयीनं छत्री बगलेतून हातात घेतली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि मागं वळायला एक पाऊल टाकलंसुद्धा. मी "राम राम" म्हणत त्यांच्या बाजूनं निघून गेलो. ते अर्धे वळलेले तसेच उभे राहिले. माझे कान तापले होते, पण चाकं छान फिरत होती.

देवळाचा कट्टा ओलांडला आणि वेशीच्या अलीकडं एक बैलगाडी सोडलेली दिसली. गाडीजवळ, वाटेच्या बरोबर मधे, एक म्हातारा पाठमोरा उभा होता. हातात फडक्याची गाठोडी. मी मोठ्यानं "बाजू, बाजू" ओरडलो. म्हातारा वळला. मामू होते.

गावच्या कुणाची गाडी कोल्हापूरला निघाली म्हणून ते आले होते, मला कॉलेजात जाताना एकदा पाहायला. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की मामूंनी मला ओळखलं आहे, त्यांचा हात वर झाला आहे, आणि ते माझ्यासाठी बाजूला झाले आहेत. उतरलो असतो तर पुढचा धोंडा वेशीपाशी, आणि तोवर वही बंद. मी सलाम करायला एक हात सोडला, सायकल लचकली, मी घाईनं हात परत आणला. तोंडातून काय निघालं असेल तर "मामू, हजेरी". एवढं बोलून मी ज्या माणसानं मला बसायला शिकवलं त्याच्यासमोरून बसून गेलो.

हजेरी लागली. माझं नाव पुकारल्यावर मी "हजर" म्हटलं ते इतकं खाली मान घालून, की प्रोफेसरांनी पुन्हा विचारलं.

तास संपल्यावर मला तडक वेशीवर जायचं होतं. ओसरीत सायकल धरून मी चढायला काही मिळतं का ते शोधत होतो, तेव्हा प्रोफेसर बाहेर आले आणि माझ्याकडं पाहत राहिले. असेच चढता का नाही, म्हणाले. मला जमत नाही, मी म्हटलं. ते माझ्या मागच्या चाकाशी वाकले, त्या चकचकीत जागेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, इथली पायरी कुठं गेली?

"कसली पायरी, सर?"

त्यांनी मला स्वतःच्या सायकलची खुंटी दाखवली. तिच्यावर डावा पाय ठेवला, दोन उड्या मारल्या आणि ते अलगद बसले. माझं तोंड उघडं राहिलं. सबंध कॉलेजात, बहुधा सबंध कोल्हापुरात, पायरी घासून काढलेली सायकल एकच होती आणि ती माझी. प्रोफेसर म्हणाले, कुठल्याही लोहाराकडून नवी बसवून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. मी बरं म्हटलं. पण वेशीपर्यंत धावत जाताना मला कळून चुकलं, की ते मला करता येणार नाही. मामूंनी कधी सायकल पाहिली आणि आपण मेहनतीनं काढलेला काटा कुणीतरी पुन्हा बसवलेला दिसला, तर त्यांना काय वाटेल?

वेशीवर गाडी नव्हती. गवळी कट्ट्यावर बसला होता. त्यानं मला पाहताच पागोटं सरळ केलं आणि गंभीर आवाजात विचारलं, घरात कोण गेलं. फौजदार येऊन त्याला सांगून गेले होते, की हा मुलगा न उतरता जातो म्हणजे नक्की मयत झालेली आहे, विचारपूस करा. मी कुणी गेलं नाही म्हटल्यावर तो जरासा नाराज झाला. मग त्यानं फडक्याची गाठोडी माझ्या हातात दिली. आत भाकरी आणि लसणाची चटणी होती.

"तुमचं पावणं लई येळ हितंच उभं हुतं," तो म्हणाला.

काय म्हणाले, मी विचारलं.

"काय न्हाय. तुमी गेला त्या वाटंकडं बगत हुतं. मग म्हटलं, मागलं चाक डगडगत न्हाय की. आनि गेलं."

मी त्या वाक्याचा पुष्कळ विचार केला. त्यात राग होता की नव्हता, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

पुढचे पंधरा दिवस मी दुपारी तळ्याकाठी खुंटीशिवाय चढायला शिकलो. पायटा, म्हणजे पेडल, खाली आला की त्यावर पाय दाबायचा आणि दुसरा टाकायचा. दोन्ही गुडघे फुटले. गवळी म्हशी पाण्यात सोडून काठावर बसे आणि प्रत्येक पडण्याला म्हशींशी काहीतरी बोले. फौजदारांना मी सगळी हकीकत सांगितली. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर उतरलो, राम राम केला आणि जागच्या जागी चढलो, तेव्हा त्यांनी छत्री वर केली आणि उद्या वेळेवर ये म्हणाले. एका माणसासाठी उतरायचं आणि परत चढायचं, यात आता डोळ्याचं पातं लवण्याइतकाच वेळ जात होता. टर्म मिळाली.

ती मिळाली त्या दिवशी मी मामूंना पत्र लिहिलं. मामूंना वाचता येत नसे. त्यांची पत्रं पोस्टमन चिंचेखाली उभा राहून वाचून दाखवी, आणि पत्र्या मारायला आलेले सगळे ऐकत. म्हणजे जे लिहीन ते गावाला लिहीन, हे मला ठाऊक होतं. त्या पत्राचा खर्डा माझ्या गणिताच्या वहीत राहिला आहे. तो असा:

"मामूंना सलाम.

पोस्टमनमामांना विनंती, की हे पत्र नेहमीपेक्षा मोठ्यानं वाचावं. बैल पाडलेला असेल तर आधी उठवून घ्यावा, कारण पत्र लांब आहे.

मामू, त्या दिवशी वेशीजवळ मी तुमच्यासमोरून बसून गेलो. उतरलो नाही. वर तुम्हालाच बाजू म्हणालो. चूक भर रस्त्यात चार माणसांदेखत झाली, म्हणून माफीही चार माणसांदेखत मागतो. मी तुम्हाला ओळखलं नव्हतं असं लिहिता आलं असतं. पण ओळखलं होतं, आणि तरी उतरलो नाही.

त्या दिवशी हजेरी चुकली असती तर परीक्षेला बसता आलं नसतं आणि वर्ष गेलं असतं. हे कारण म्हणून सांगतो, सबब म्हणून नाही. आता परीक्षेला बसायची परवानगी मिळाली आहे. आबा तिथं असतील तर त्यांनी कासरा अजून स्वतःकडंच ठेवावा.

भाकरी मिळाल्या. त्या मी एकट्यानं खाल्ल्या, कुणाला दिल्या नाहीत.

सायकल चांगली आहे. मागचं चाक डगडगत नाही. तुम्ही कानशीनं घासलेली जागा अजून तशीच गुळगुळीत आहे. आमच्या प्रोफेसरांनीही मुद्दाम वाकून तिच्यावर बोट फिरवून पाहिलं. तिथं कुणाच्या पोटरीला काही लागलेलं नाही.

मला आता चढायला धोंडा लागत नाही. सुट्टीत गावी येईन तेव्हा ओढ्यापाशीच उतरेन आणि तिथून तुमच्या चिंचेपर्यंत सायकल हातात धरून चालत येईन. वाटेत तिला पाणी दाखवणार नाही. सावलीत बांधायला जागा ठेवावी."